आधी झाड, मग वर्तुळ : ड्रुइड्री आणि विक्का एकत्र शिकू पाहणाऱ्यांसाठी

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला येऊन मला नऊ वर्षं झाली आणि त्यातली सात वर्षं मी एका ड्रुइड गटात, म्हणजे झाडांपाशी जमणाऱ्या निसर्गपूजकांच्या गटात जाते. इथे अशा गटाला ग्रोव्ह म्हणतात, म्हणजे राई. हे कळल्यावर ओळखीतली मराठी पोरं-पोरी हमखास विचारतात, "ताई, ड्रुइड व्हायचं की विच?"

दोन्ही एकत्र जमतं. इथे कितीतरी जण तसं करतात, आणि त्या मिश्रणाला ड्रुइडक्राफ्ट असं नावही आहे. फिलिप कार-गॉम यांनी २००२ मध्ये त्या नावाचं पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ते रुळलं. फक्त क्रम सांभाळा. आधी झाड, म्हणजे ड्रुइडांची वाट; मग वर्तुळ, म्हणजे विक्काचा विधी. उलटं केलं की माणूस सुऱ्या, प्याले, मेणबत्त्या जमवत बसतो आणि वर्ष सरलं तरी त्याला आपल्या गल्लीतलं एक झाड नावानं ओळखता येत नाही. म्हणून हा लेखही त्याच क्रमानं लिहिला आहे.

पहिली पायरी : शब्द जपून वापरा

"विच"चं भाषांतर "चेटकीण" करू नका. आपल्या भाषेत त्या शब्दाला रक्त लागलेलं आहे. नंदुरबारच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो अशा आणि इतर अघोरी प्रकारांना आळा घालायला, आणि तो हवाच होता. इंग्लंडमधली आजची विच हा शब्द स्वतः होऊन, अभिमानानं लावून घेते. गावानं एखाद्या बाईवर लादलेला शिक्का आणि स्वतः निवडलेलं नाव या दोन गोष्टी एका शब्दात कोंबल्या तर दोघींवरही अन्याय होतो. मी मराठीत बोलतानाही विच आणि विचक्राफ्ट असंच म्हणते. आईला मात्र सांगितलं, "निसर्गाची पूजा करणारा एक पंथ आहे, सणाला सगळे झाडाखाली जमतात." तिला ते लगेच कळलं.

आणखी तीन शब्द. पेगन ही मोठी छत्री : ख्रिस्तपूर्व युरोपातल्या देवदेवतांकडे आणि निसर्गाकडे वळलेले आजचे लोक. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार जणांनी आपला धर्म पेगन असा लिहिला, आणि सुमारे १३ हजारांनी विक्का. विक्का हा पेगन विचक्राफ्टचा सर्वांत परिचित पंथ. ड्रुइड्री त्याच छत्रीखाली येते, पण काही ड्रुइड स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, काही नास्तिक. तिथे कुणी तुमचा देव विचारत नाही.

दुसरी पायरी : इतिहास खरा तोच शिका

ही पायरी टाळू नका. या वाटेवर भेटणारी निम्मी पुस्तकं "पाच हजार वर्षांची अखंड परंपरा" सांगतात. तशी परंपरा नाही.

प्राचीन ड्रुइड होते, यात शंका नाही. ते प्राचीन पश्चिम युरोपातल्या केल्टिक समाजाचे पुरोहित, न्यायाधीश, शिक्षक. पण त्यांनी आपली विद्या लिहून ठेवली नाही. जे कळतं ते बहुतेक रोमनांकडून, म्हणजे त्यांच्या शत्रूंकडून. ज्युलियस सीझर लिहितो की काही शिष्य वीस-वीस वर्षं पाठांतर करत. आपल्याकडच्या घनपाठी वेदपाठशाळांची आठवण यावी असं ते वर्णन आहे. थोरला प्लिनी सांगतो की पांढऱ्या वस्त्रातले ड्रुइड चंद्राच्या सहाव्या दिवशी ओकच्या झाडावर चढून सोन्याच्या कोयत्यानं मिसलटो कापत. हे मिसलटो म्हणजे आपलं बांडगूळच, त्याच जातकुळीतलं. आपण आयतं खाणाऱ्या माणसाला ज्या नावानं हिणवतो, ती वनस्पती त्यांच्याकडे सगळ्यांत पवित्र होती; हिवाळ्यात ओकची पानं झडून गेली तरी ती हिरवी राहते. इसवी सन ६० च्या सुमारास रोमन सैन्यानं वेल्सच्या अँगलसी बेटावर हल्ला करून ड्रुइडांच्या पवित्र राया तोडल्या, असं टॅसिटसनं लिहून ठेवलं आहे. पुढे ख्रिस्ती धर्म आला आणि ही साखळी तुटली.

स्टोनहेंज ड्रुइडांनी बांधलं नाही. ते दगड उभे राहिल्यानंतर किमान दोन हजार वर्षांनी ड्रुइडांचा पहिला लेखी उल्लेख सापडतो. ही जोडी जुळवली ती सतराव्या-अठराव्या शतकात जॉन ऑब्री आणि विल्यम स्टुकली या अभ्यासकांनी.

आज आपण करतो त्यातलं बरंचसं एडवर्ड विल्यम्स या वेल्श पाथरवटाकडून आलं आहे. तो स्वतःला योलो मॉर्गनुग म्हणवत असे. १७९२ साली त्यानं लंडनच्या प्रिमरोज हिलवर लहान दगडांचं वर्तुळ मांडून कवींची सभा भरवली. जुनी हस्तलिखितं सापडली असं सांगून त्यानं जे छापलं त्यातलं पुष्कळसं त्याचं स्वतःचंच होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते, कारण ज्या प्रार्थनेनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ती त्याचीच निघाली. मग वाटलं, तो खोटं बोलला हे खरं, आणि तो थोर कवी होता हेही खरं. नवख्यानं दोन्ही गोष्टी डोळे उघडे ठेवून स्वीकाराव्यात.

आता मुख्य मुद्दा. विक्का जगासमोर आणणारा जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) आणि आधुनिक ड्रुइड्रीला वळण देणारा रॉस निकल्स (१९०२–१९७५) एकमेकांचे मित्र होते. हर्टफर्डशायरमधल्या एका नग्नतावादी क्लबात त्यांची ओळख झाली. गार्डनरची नोकरी सिलोन-मलायातल्या मळ्यांवर आणि कस्टममध्ये गेली होती. निकल्स कवी आणि शिक्षक. इंग्लंडमधला जुना विचक्राफ्ट कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, १९५४ मध्ये गार्डनरचं विचक्राफ्टवरचं पुस्तक आलं, आणि १९६४ मध्ये निकल्सनं ऑर्डर ऑफ बार्ड्स, ओव्हेट्स अँड ड्रुइड्स ही संस्था स्थापन केली. सगळे तिला ओबॉड म्हणतात. गार्डनर स्वतः एका ड्रुइड संघाचा सभासद होता. म्हणून "तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करता" असं कुणी म्हटलं तर गांगरून जाऊ नका. दोन्हींचं आजचं रूप घडत असतानाच ही माणसं एका टेबलावर बसत होती.

तिसरी पायरी : एक झाड धरा

इथे पूर्ण वर्ष द्या. मी हे मनापासून सांगते.

घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवरचं एक झाड निवडा. ओकच हवा असं नाही. माझं झाड हॉथॉर्नचं आहे, ली वुड्स या जंगलाच्या कडेला, काटेरी, माझ्यापेक्षा थोडंसंच उंच. आठवड्यातून एकदा जा. मोबाईल पिशवीतच ठेवा. पाठ टेकवून किंवा समोर दहा मिनिटं बसा, आणि घरी आल्यावर वहीत तीन ओळी लिहा : पानं कशी होती, कोणता पक्षी दिसला, वारा कुठून येत होता. एवढंच. पहिले दोन महिने काहीच घडत नाही असं वाटेल. मला तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा दिसलं की पान गळण्याआधीच पुढच्या वर्षाची कळी फांदीवर तयार असते, तांबूस, मोहरीच्या दाण्याएवढी. मी ती नखानं हलकेच चाचपली. घट्ट होती. नोव्हेंबर होता, साडेचारलाच अंधारलं होतं, आणि झाड मे महिन्याच्या तयारीला लागलं होतं. त्यानंतर मला साउइनचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या सणाचा, अर्थ पुस्तकातून शोधावा लागला नाही.

एक चूक मात्र तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी मी त्याच झाडाला नवसाची म्हणून केशरी नायलॉनची फीत बांधली. इथे विहिरींजवळच्या झाडांना चिंध्या बांधायची जुनी प्रथा आहे, आणि आपल्याकडचे वडाचे दोरे मनात होतेच. पुढच्या उन्हाळ्यात पाहिलं तर फांदी जाड झाली होती आणि फीत सालीत रुतली होती. कापून काढली तेव्हा खाली ओली, काळी खाच पडली होती. त्या फांदीला आता फुलं येत नाहीत. काही बांधायचंच असेल तर सुती दोरा, सैल, आणि सणानंतर तो सोडून घरी न्यायचा. त्याहून बरं म्हणजे झाडाला तांब्याभर पाणी घाला आणि खालचा कचरा उचला.

झाडांची नावं शिकताना ओगम लिपी भेटेल. आयर्लंडमधल्या चौथ्या ते सहाव्या शतकातल्या दगडांवर ती कोरलेली आहे, मूळ अक्षरं वीस, आणि काही अक्षरांची नावं झाडांची : बेह म्हणजे बर्च, डार म्हणजे ओक, कोल म्हणजे हेझल. शिकायला गोड आहे. मात्र "केल्टिक वृक्ष-पंचांग" म्हणून जे तेरा महिने सांगतात ते विसाव्या शतकातले आहेत. त्यावरून आपली "वृक्षरास" काढत बसू नका.

चौथी पायरी : आठ सणांचं चाक

दोन अयनं (वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस), दोन विषुव (दिवस-रात्र समान असतात ते दिवस) आणि त्यांच्या मधले चार सण : साउइन (३१ ऑक्टोबरची रात्र), इंबोल्क (१ फेब्रुवारीच्या आसपास), बेल्टेन (१ मे) आणि लूनसा (१ ऑगस्ट). सूर्याचे सण ड्रुइडांना जवळचे, आणि मधले चार विक्काला. हे आठ आऱ्यांचं चाक गार्डनर आणि निकल्स यांच्या मैत्रीतून पक्कं झालं असं दोन्हीकडचे लोक सांगतात. आज दोन्ही वाटांवर तेच चाक आहे, म्हणून मिश्रणाची सुरुवात इथूनच सोपी.

पहिल्या वर्षी सणाला मोठा विधी नको. त्या दिवशी सूर्योदय किंवा सूर्यास्त बघा, झाडापाशी जा, ऋतूतलं काहीतरी शिजवा. ब्रिस्टलला २१ डिसेंबरचा दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो. चार वाजता दिवा लावावा लागतो तेव्हा सूर्य परतण्याचा आनंद कुणी समजावून सांगावा लागत नाही.

पुण्या-नागपुरात राहून हे करणाऱ्यांना इथे अडचण येते, आणि ती खरी आहे. पुण्यात तोच दिवस अकरा तासांचा. इंबोल्क हा मेंढ्यांना दूध उतरण्याचा, बेल्टेन गुरं उन्हाळी कुरणावर नेण्याचा, अशी ही वायव्य युरोपातली पशुपालकांची वेळापत्रकं आहेत. ती सह्याद्रीवर जशीच्या तशी लादू नका. अयनं आणि विषुव आकाशातली आहेत, ती तशीच ठेवा. मधले चार सण मात्र तुमच्या मातीला विचारून ठरवा. ऑस्ट्रेलियातले ड्रुइड सगळं चाक सहा महिन्यांनी फिरवून घेतात. तुम्ही पहिल्या पावसाला चाकात जागा दिलीत तर कुठलाही शहाणा ड्रुइड नाक मुरडणार नाही. देवराईत जाऊन मात्र स्वतःचा विधी मांडू नका. ती त्या गावाची आहे, त्या देवाची आहे. परवानगी मागा, चपला काढा, हात जोडा, परत या.

पाचवी पायरी : ड्रुइडांचा साधा विधी

ड्रुइड विधी शांततेपासून सुरू होतो. चारी दिशांना तोंड करून त्या त्या दिशेला शांती असो असं म्हणायचं, मग सगळ्या जगाला. भांडून आला असाल तर हे शब्द घशात अडकतात. अडकू द्या, थांबा, मग म्हणा.

मग अवेन. हा वेल्श शब्द, अर्थ प्रेरणा, कवीच्या अंगात वाहणारा प्रवाह. "आ–ऊ–एन" असा लांबवून तीनदा म्हणतात. ओंकाराची आठवण येईल. येऊ द्या, पण दोन्ही एकच आहेत असं ठोकून देऊ नका. प्रत्येकाचं घर वेगळं आहे.

यानंतर कविता, गाणं, गोष्ट. ओबॉडमध्ये पहिली पायरीच बार्डची, म्हणजे कवीची आहे. मग ओव्हेट, म्हणजे वनस्पती, उपचार आणि भविष्यदृष्टी, आणि शेवटी ड्रुइड. आमच्या ग्रोव्हमध्ये मी पहिल्यांदा बहिणाबाईंची ओवी म्हटली. कुणाला शब्द कळले नाहीत, पण म्हणून झाल्यावर बराच वेळ कुणी हललं नाही. मराठीत म्हणा, निःसंकोच म्हणा. शेवटी पाव आणि मीड, म्हणजे मधाची दारू, वाटून घेतात. पहिला घास आणि पहिला घोट जमिनीला. दारू नको असेल तर सफरचंदाचा रस चालतो.

सहावी पायरी : विक्काकडून काय घ्यायचं

वर्षभर झाडापाशी बसल्यावर या पायरीवर या.

दोन वाटांचा स्वभाव वेगळा आहे. ड्रुइड विधी परंपरेनं उजेडात, चारचौघांत, सूर्याच्या डोळ्यासमोर होतो. विक्काचा विधी रात्री, चंद्राखाली, ओळखीच्या मोजक्या माणसांत, ज्याला कव्हन म्हणतात. तिथे देवी आणि देव अशी जोडी असते, आणि जादू उघडपणे केली जाते : एक इच्छा स्पष्ट करून, तिच्यामागे मन आणि शरीर लावून. नियम एकच सांगतात : कुणाला इजा होत नसेल तर मनात येईल ते कर. माझ्या मते ड्रुइड्रीत जे थोडं कमी पडतं ते इथे मिळतं : चंद्र, शरीर आणि स्वतःच्या इच्छेची जबाबदारी.

घ्यायची पहिली गोष्ट वर्तुळ. सूर्याच्या दिशेनं, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या दिशेनं चालत, बोटानं किंवा काठीनं जमिनीभोवती रेघ आखल्यासारखं करायचं, आणि मनात ठरवायचं की एवढी जागा आता वेगळी. संपल्यावर उलट दिशेनं सोडवायचं. सोडवायला विसरू नका. दुसरी गोष्ट दिशांना बोलावणं. विक्कात पूर्व म्हणजे वारा, दक्षिण अग्नी, पश्चिम पाणी, उत्तर पृथ्वी. ओबॉडमध्ये त्याच दिशांना ससाणा, काळवीटासारखा शिंगाळा स्टॅग, सामन मासा आणि अस्वल येतात. मी दोन्ही जोडून म्हणते, "पूर्वेच्या वाऱ्या, पहाटेच्या ससाण्या, ये." हे मिश्रण मुद्दाम जुळवावं लागत नाही. तिसरी गोष्ट पौर्णिमा. आपल्या घरात पौर्णिमा-अमावास्या माहीत असतातच. त्या रात्री दहा मिनिटं गच्चीत किंवा खिडकीत बसा, गेल्या पौर्णिमेला काय मागितलं होतं ते वहीत बघा आणि त्यासाठी स्वतः काय केलं ते लिहा.

काय घ्यायचं नाही, तेही सांगते. विक्काच्या गार्डनेरियन आणि अलेक्झांड्रियन या शाखांत दीक्षा असते, ती आधी दीक्षा झालेल्यांकडूनच मिळते, आणि काही विधी शपथेनं गुप्त असतात. पुस्तक वाचून त्या नावानं स्वतःला मिरवू नका. एकट्यानं विक्का करणारे असंख्य आहेत, त्यांना सॉलिटरी म्हणतात, त्यात कमीपणा नाही. अमेरिकेतल्या एडीएफ या १९८३ साली स्थापन झालेल्या ड्रुइड संस्थेच्या विधीत वर्तुळ आखत नाहीत. त्यांच्याकडे विहीर, अग्नी आणि झाड असतं. तिथे पाहुणे म्हणून गेलात तर त्यांच्या रीतीनं उभे राहा.

विक्काची सुरी, अथामे, घरीच ठेवा. इंग्लंडमध्ये सबळ कारणाशिवाय न मिटणाऱ्या पात्याची सुरी घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरणं गुन्हा आहे. धार्मिक कारण कायद्याला मान्य आहे, पण ते अंधारात पोलिसाला समजावत उभं राहायची वेळ कशाला आणायची? बोट पुरतं. मिठाचं वर्तुळ घराबाहेर कधी नको, मिठानं गवत जळतं. यूचं झाड आणि मिसलटो दोन्ही विषारी आहेत, त्यांचा काढा, चहा, प्रसाद काहीही करू नका. मगवर्ट नावाची दवण्याच्या कुळातली वनस्पती स्वप्नांसाठी सांगतात, ती गरोदर बाईनं टाळावी.

सातवी पायरी : माणसं शोधा, पण जपून

ओबॉडचा अभ्यासक्रम १९८८ पासून टपालानं आणि आता ऑनलाइन घरबसल्या करता येतो. ब्रिटिश ड्रुइड ऑर्डर आहे, ड्रुइड नेटवर्क आहे, त्याला २०१० मध्ये इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशननं मान्यता दिली. गावोगावच्या पबमध्ये पेगन मूट, म्हणजे पेगन लोकांच्या बैठका भरतात. पहिल्या भेटीला तिथेच जा, कुणाच्या घरी नाही. मी एकदा अशा गटात सापडले होते जिथे तिसऱ्या भेटीत "पुढच्या गुपितासाठी" मोठी रक्कम मागितली आणि नवऱ्याला सांगू नकोस असं बजावलं. उठून आले. पैसा, अंगाला हात आणि घरच्यांपासून लपवाछपवी या तीन बाबतीत मनाला जरा जरी खटकलं तरी उठून यायचं. चांगला ग्रोव्ह तुम्हाला आधी प्रश्न विचारू देतो.

आठवी पायरी : पहिलं एकत्र साउइन

दुसऱ्या वर्षीच्या साउइनला हे करून बघा. सूर्यास्ताआधी झाडापाशी पोचा. सोबत काचेच्या बरणीत मेणबत्ती, पाव, सफरचंद, पाण्याची बाटली आणि गेलेल्या माणसांपैकी एकाची आठवण. वाळलेल्या पानांवर उघडी ज्योत नको. चारी दिशांना शांती म्हणा. वर्तुळ आखा, दिशांना बोलवा. तीनदा अवेन. मग त्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्या आणि त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगा, खरी आणि छोटी. मी आजोबांची सांगते. ते जेवायला बसण्याआधी पत्रावळीबाहेर एक घास काढून ठेवायचे, आणि मी इथे पावाचा पहिला तुकडा मुळाशी ठेवते तेव्हा हात आपोआप त्यांच्यासारखा वळतो. सफरचंद आडवं कापा, आत पाच टोकांची चांदणी दिसेल. विचेसना ती प्रिय आहे. अर्धं खा, अर्धं झाडाला. एक इच्छा मनात ठरवा, येत्या सहा महिन्यांत तुमच्या हातून होईल अशी. दिशांचे आभार माना, वर्तुळ उलटं सोडवा.

मग टॉर्च लावून जमीन तपासा. मेणाचा थेंब, काडी, सफरचंदावरचं स्टिकर, सगळं उचला. घरी आल्यावर वही काढा आणि पानं कशी होती, कोणता पक्षी दिसला, वारा कुठून येत होता ते लिहा.